आकडा कुणाच्या हातात

माझ्या टेबलावर रोज वह्या येतात. कुणाची नातवाची उरलेली दुरेघी वही, कुणाची किराणा दुकानातून भेट मिळालेली डायरी. आत तारखा, उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर, इन्सुलिनची युनिटं. आणि लिहिणारा मोकळा असेल तर समासात दोन-चार शब्द: ‘पुतण्याचं लग्न’, ‘रात्रभर जागरण’, ‘पुरणपोळी दीड’. मधुमेह झालेल्यांना शिकवण्याचं काम मी पुण्यात आयुष्यभर करत आले आहे आणि माझं शिकवणं या समासातल्या शब्दांपासून सुरू होतं. सगळ्यांना एकच छापील डाएट चार्ट द्यायचा आणि घरी पाठवायचं, हे मला कधी पटलं नाही. त्या चार्टमध्ये तो माणूस कुठेच नसतो.

इन्सुलिनच्या शोधाची गोष्ट पुष्कळांना माहीत असते: 1921 सालचं टोरांटो, बँटिंग आणि बेस्ट. साखरेचा आकडा डॉक्टरांच्या हातातून रुग्णाच्या हातात कसा आला, ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. माझ्या लेखी ती तितकीच मोठी आहे.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना लघवीतली साखर मुंग्यांमुळे कळली. लघवीला मुंग्या लागणं हे प्रमेहाचं लक्षण संहितांमध्ये नोंदलेलं आहे. पण सुश्रुतसंहितेतल्या प्रमेहचिकित्सेत मला त्याहून जास्त भावतं ते पथ्य सांगण्याची रीत. निर्धन, निराधार माणसानं पायात वहाण न घालता, भिक्षेवर राहत, एका गावी एकच रात्र काढत शंभर योजनं चालावं. धनवंतानं सावा, देवभात, आवळा, कवठ असं खाऊन रानात हरणांसोबत राहावं. बाकीच्यांनी शेत नांगरावं, नाहीतर विहीर खणावी. उपाय सगळ्यांना एकच, अंग हलवा आणि हलकं खा. पण सांगताना वैद्यानं समोरच्याची ऐपत आणि त्याचा दिवस पाहिला आहे. पुढे कित्येक शतकं युरोपातल्या डॉक्टरांनी रोगाचं रसायन उलगडलं, रुग्णाचा दिवस मात्र मागे पडला. थॉमस विलिसनं सतराव्या शतकात लघवीची गोड चव नोंदली. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सननं 1776 मध्ये लघवी आटवून तळाशी उरलेला पांढरा, साखरेसारखा थर दाखवला, आणि रक्ताचा द्रवही गोड लागतो हे लिहून ठेवलं. हे सगळं डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी केलं.

रुग्णाला या कामात पहिल्यांदा ओढलं ते पॅरिसच्या अपोलिनेर बुशार्दानं. हा मुळात औषधनिर्माणशास्त्रातला माणूस. 1870 साली प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला, शहरात अन्नाची टंचाई झाली, आणि त्याच्या काही मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. त्या उपासमारीतही त्यानं निरीक्षण सोडलं नाही. पुढे तो प्रत्येक रुग्णाला सांगे, रोज लघवी तपासा आणि कोणतं खाणं तुम्हाला चालतं ते स्वतः शोधून काढा. ‘तुम्हाला’ हा शब्द इथे महत्त्वाचा. इन्सुलिन यायला अजून अर्धशतक होतं, औषध म्हणावं असं हातात काहीच नव्हतं. पण ज्याचं शरीर त्यानंच ते पाहायला शिकावं, हा विचार त्यानं रुजवला.

तो विचार शिस्तीत बांधला बॉस्टनच्या इलियट जोस्लिननं. एकेका रुग्णाची नोंद तो मोठाल्या खतावण्यांत करत असे आणि हा नेम त्यानं दशकानुदशकं पाळला. 1918 मध्ये त्यानं रुग्णांसाठी पुस्तक काढलं आणि डॉक्टर व रुग्ण दोघांनी मिळून ते वापरावं असं त्याच्या मुखपृष्ठावरच छापलं. तराजूवर अन्न मोजायचं कसं, लघवी तपासायची कशी, पायांची निगा कशी राखायची, सगळं त्यात. शिकवण्यासाठी त्यानं परिचारिका तयार केल्या, त्यांना रुग्णांच्या घरी पाठवलं. माझ्या पेशाची सुरुवात मी तिथे मानते. इंग्लंडात आर. डी. लॉरेन्स या डॉक्टरलाच मधुमेह होता. इन्सुलिन मिळालं म्हणून तो 1923 मध्ये मरता मरता वाचला, आणि 1925 मध्ये त्यानं ‘द डायबेटिक लाइफ’ हे पुस्तक लिहिलं. त्याची जेवणाच्या वाट्यांची पद्धत मी शिकताना अभ्यासली आहे. स्वतः सुई टोचून घेणाऱ्यानं आखलेली पद्धत असल्यानं ती घरच्या स्वयंपाकघरात चालण्याजोगी होती.

घरी लघवी तपासायची म्हणजे काय करायचं, हे आताच्या मुलांना सांगितलं तर खरं वाटत नाही. माझ्या आत्याकडे साताऱ्याला मी ते लहानपणी पाहिलं आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीत काचेच्या बाटलीत निळं पाणी असायचं: बेनेडिक्टचं द्रावण. स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते बनवलं. त्यात मोरचूद, धुण्याचा सोडा आणि सायट्रेट. आत्या टेस्ट ट्यूबमध्ये एक चमचाभर द्रावण घ्यायची, ड्रॉपरनं मोजून लघवीचे आठ थेंब टाकायची, आणि लाकडी चिमट्यात धरून ती ट्यूब स्पिरिटच्या दिव्यावर तिरकी फिरवायची. तोंड भिंतीकडे, कारण उकळी उडते. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा म्हणजे एक अधिक, पिवळा दोन, नारिंगी तीन, आणि विटकरी गाळ बसला की चार. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात ती पेन्सिलनं अधिकची चिन्हं काढायची. शेजारीच पातेल्यात काचेची सिरिंज उकळत असायची.

“आज पिवळं आलंय गं, काल वाटली डाळ जास्त झाली बहुतेक,” असं ती आईला सांगे. काका रागावायचे, कैरीचे दिवस आले की ही ऐकत नाही म्हणून. पण आत्याला दोष डाळीचा की झोपेचा, हे पाहायचं असायचं. दुसऱ्या दिवशी ती डाळ न खाता पुन्हा तपासायची. शाळा चौथीपर्यंत झालेली ही बाई स्वतःवर प्रयोग करत होती, आणि तिला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं.

मात्र लघवी उशिरा बोलते. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंडं ती सोडत नाहीत, आणि ट्यूबमध्ये दिसतं ते मूत्राशयात गेल्या काही तासांत साचलेलं. साखर कमी झाली तर? निळा रंग 110 लाही निळा आणि 45 लाही निळाच. आत्याला पहाटे घाम सुटून बेशुद्धी यायची, तेव्हा खिडकीतली बाटली काहीच सांगू शकत नव्हती.

रक्ताची पट्टी आली 1960 च्या दशकाच्या मध्यावर. एम्स कंपनीची डेक्स्ट्रोस्टिक्स: तिच्यावर रक्ताचा टपोरा थेंब ठेवायचा, बरोबर एक मिनिट थांबायचं, पाण्यानं धुवायची आणि बाटलीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. रंग डोळ्यांनी ठरवणं बेभरवशाचं, म्हणून 1970 च्या सुमाराला तो वाचणारं यंत्र आलं. वजन किलोहून जास्त, किंमत जवळपास 500 डॉलर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना. रात्री इमर्जन्सीत बेशुद्ध आलेला माणूस दारू प्यालेला आहे की मधुमेही, हे ओळखायला त्याचा उपयोग होईल अशी कल्पना होती. रुग्ण ते घरी ठेवेल, हे कुणाच्या मनातही नव्हतं.

रिचर्ड बर्नस्टाइन नावाच्या इंजिनिअरच्या मनात ते आलं. त्याला बाराव्या वर्षापासून टाइप 1 मधुमेह होता आणि पस्तिशीतच त्याचं शरीर खचायला लागलं होतं. यंत्राची जाहिरात पाहून त्यानं ते मागवलं, पण कंपनी रुग्णाला विकेना. त्याची पत्नी डॉक्टर होती; तिच्या नावानं यंत्र घरात आलं. मग हा गृहस्थ दिवसातून पाच वेळा रक्त तपासू लागला. काय खाल्लं की आकडा किती चढतो, इन्सुलिन किती घेतलं की किती उतरतो, इंजिनिअर जसं यंत्राचं वागणं नोंदवेल तसं. काही वर्षांत त्याची तब्येत सावरली. हे इतरांना कळावं म्हणून त्यानं लेख लिहिले, ते वैद्यकीय नियतकालिकांनी परत केले; लिहिणारा डॉक्टर नव्हता. तेव्हा चाळिशी उलटल्यावर तो वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि डॉक्टर झाला. त्यानं पुढे सांगितलेला अगदी कमी कर्बोदकांचा आहार मी सरसकट कुणाला देत नाही, पण आज आपल्या घरात कपाटावर जो ग्लुकोमीटर पडलेला असतो, त्यामागे या माणसाचा हट्ट आहे, हे मी प्रत्येक नव्या रुग्णाला आवर्जून सांगते.

1978 मध्ये ‘लॅन्सेट’च्या एकाच अंकात लंडन आणि नॉटिंगहॅम इथल्या डॉक्टरांचे दोन लेख लागोपाठ आले. रुग्ण घरी रक्त तपासू शकतात, आणि त्यानं साखर सुधारते, असं दोन्हींत होतं. मग अमेरिका-कॅनडातला डीसीसीटी हा मोठा अभ्यास झाला. 1441 रुग्ण, 1983 ते 1993. ज्यांनी दिवसातून चार-चार वेळा साखर पाहून इन्सुलिन स्वतः कमी-जास्त केलं, त्यांची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए1सी) सात टक्क्यांच्या आसपास राहिली. जुन्या पद्धतीनं चालणाऱ्यांची नऊच्या. आधी डोळे चांगले असलेल्यांमध्ये पडद्याचा आजार होण्याचा धोका 76 टक्क्यांनी घटला. साखर फार खाली जाण्याचे प्रसंग मात्र तिपटीनं वाढले, हेही त्याच अहवालात आहे आणि शिकवताना ते लपवू नये.

याच काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. 1984 मध्ये रॉजर मॅझी आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना ग्लुकोमीटर दिले. त्यांत आकडे साठवणारी चिप आहे हे रुग्णांना सांगितलं नाही. नंतर वही आणि चिप शेजारी ठेवून पाहिली. बऱ्याच जणांनी वहीत न तपासलेले आकडे घातले होते, आणि चढलेले आकडे गाळले किंवा उतरवले होते. वैद्यकीय जगात यावर रुग्ण अप्रामाणिक असतात, असा बोभाटा झाला. माझा अनुभव वेगळं सांगतो. अशा वह्या माझ्याकडेही येतात: सगळे आकडे एकाच पेननं, एकाच बैठकीत लिहिलेले, 110, 120, 115, आणि तीन महिन्यांची सरासरी साडेनऊ. अशी वही आणणाऱ्या बाईला मी विचारते, “वहिनी, जास्त शुगर आली की घरात काय होतं हो?” उत्तर ठरलेलं असतं. सासूबाई बोलतात, नवरा बोलतो, डॉक्टर ओरडतात. आकडा म्हणजे चुकीचा पुरावा, मग तो कोण जपून ठेवील? वही परीक्षेची उत्तरपत्रिका झाली की तीत खरं उतरणं बंद होतं, मग कितीही महागडं यंत्र द्या.

म्हणून यंत्रांच्या इतिहासाशेजारी शिकवण्याचा इतिहास ठेवून पाहावा लागतो. लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात लिओना मिलर या डॉक्टर बाईंनी गरीब मधुमेही रुग्णांसाठी शिकवणी आणि एक फोन सुरू केला. शंका आली, औषध संपलं, साखर चढली की फोन करा. 1972 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं त्याचा हिशेब छापला. रुग्णालयात भरती होणारे लक्षणीयरीत्या कमी झाले होते. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला मायकेल बर्गर यांनी पाच दिवसांची शिकवणी बसवली. इन्सुलिनच्या वेळा सांभाळत जेवायचं ही जुनी रीत त्यांनी उलटी केली: माणसानं आपलं नेहमीचं जेवावं आणि त्याप्रमाणे इन्सुलिन ठरवायला शिकावं. त्यावरून इंग्लंडात ‘डॅफ्ने’ हा अभ्यासक्रम निघाला, 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. साखर सुधारली, आणि लोकांना मोकळं वाटलं.

आपल्याकडे मुंबईत डॉ. एस. एस. आजगावकर यांच्या पुढाकारानं 1955 मध्ये डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया उभी राहिली, आणि रुग्णाला शिकवणं हे उपचाराचंच अंग आहे, ही गोष्ट मराठी घरांत पोचायला सुरुवात झाली. परदेशी तक्ते आपल्याला का पुरत नाहीत, हे दाखवणारा पुरावा मात्र पुण्यातच तयार झाला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा फोटो छापला. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय 22.3, अगदी एकसारखा. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. हा फोटो माझ्या खोलीत लावलेला आहे. ‘मी तर बारीक आहे, मला कशी शुगर?’ असं विचारणाऱ्याला मी तो दाखवते. त्याहून सोपं उत्तर माझ्यापाशी नाही.

आता मार्केट यार्डातल्या एका भाजी व्यापाऱ्याची वही. उपाशीपोटीची साखर सतत 190-200, दुपारी मात्र हातपाय थरथरणं, घाम. उपाशीपोटीचा आकडा पाहून रात्रीची गोळी वाढवत नेलेली होती. मी म्हटलं, “दादा, कालचा दिवस सांगा, उठल्यापासून.” उठणं पहाटे तीनला. साडेतीनला गाळ्यावर. चारला चहा आणि खारी.

“मग साडेआठला लॅबमध्ये जाताना काही खाल्लं नव्हतं म्हणालात?”

“नाही ना ताई. चहा-खारी ते काय खाणं व्हय? गाळ्यावर सगळीच घेत्यात.”

त्याच्या कागदावरचा ‘उपाशी’ आकडा खरं तर खारी खाल्ल्यानंतरचा होता. त्याला आठवडाभर पहाटे तीनला, चूळ भरल्या भरल्या, तपासायला सांगितलं. आकडे आले 112, 118, 109. रात्रीची साखर ठीकच होती. वाढलेली गोळी दुपारी त्याला पाडत होती. डॉक्टरांना मी वही दाखवली, त्यांनी गोळ्यांची मांडणी बदलली. आणि आम्ही दोघांनी मिळून चारच्या चहासोबत काय चालेल ते शोधलं. त्याच्या गाळ्यावर भुईमुगाच्या शेंगा होत्याच. छापील चार्टमध्ये ‘सकाळी 8: नाश्ता’ असं होतं. त्या वेळी हा माणूस अर्धा दिवस संपवून हिशेबाला बसलेला असतो.

महागड्या यंत्राशिवायही हे जमतं. स्ट्रिपा महाग पडतात, म्हणून मी एकच जेवण निवडायला सांगते: जेवणाआधी एकदा आणि दोन तासांनी एकदा, आठवडाभर तेच. एका आठवड्यात भात, पुढच्यात ज्वारीची भाकरी, मग साबुदाण्याची खिचडी. इस्राएलच्या वाइझमन संस्थेनं 2015 मध्ये 800 लोकांच्या अंगावर साखर मोजणारा सेन्सर लावून सत्तेचाळीस हजारांच्या आसपास जेवणं नोंदली आणि एकाच पदार्थानं वेगवेगळ्या माणसांची साखर वेगवेगळी चढते, हे दाखवलं. ते लोक मधुमेही नव्हते, त्यामुळे त्यातून आपले निष्कर्ष जपून काढावेत. पण आत्याच्या कैरीच्या डाळीचा प्रश्न तोच होता. चेन्नईच्या डॉ. अ. रामचंद्रन यांच्या गटानं 537 नोकरदार पुरुषांवर केलेला अभ्यास मला अधिक जवळचा वाटतो. हे सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. निम्म्यांना मोबाइलवर छोटे संदेश गेले, पण सरसकट नाही. ज्याची बदलायची तयारी जितकी, तसा मजकूर. दोन वर्षांनी संदेश मिळालेल्यांपैकी 18 टक्क्यांना मधुमेह झाला, न मिळालेल्यांपैकी 27 टक्क्यांना.

दोन आठवडे दंडावर राहणारा सेन्सर आता पुण्यात सहज मिळतो. परवडणाऱ्यांनी एकदा तरी लावून पाहावा असं मी म्हणते. मात्र त्याचा आलेख घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांनी तो कधी उघडून वाचलेला नसतो, कारण सगळं इंग्रजीत असतं आणि ॲपचा सल्ला ओट्स आणि ब्रोकोली असा असतो. मिळवलेला आकडा पुन्हा माणसाच्या हातून निसटतो आहे, या खेपेला कुठल्याशा सर्व्हरवर. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं अशा माहितीसाठी संमती लागते असं म्हटलं आहे; संमतीचा तो चौकोन वाचून दाबणारा रुग्ण मला अजून भेटायचा आहे.

खेड्यांत सरकारच्या असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात तिशीच्या वरच्या प्रत्येकाची माहिती आशाताई फॉर्मवर भरतात, उपकेंद्रावर बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली जाते आणि आकडा पोर्टलवर चढतो. काम मोठं आहे आणि त्या बायका ते मनापासून करतात. त्यात माझी एक मागणी आहे. आकडा वर पाठवताना तोच आकडा तारखेसकट तपासून घेणाऱ्या बाईच्या हातात कागदावर लिहून द्यावा. शेजारी एक रिकामी ओळ ठेवावी, आणि सकाळपासून तिनं काय खाल्लं, किती वाजता, कुठल्या कामावरून आली, हे तिला विचारून तिच्याच शब्दांत तिथे लिहावं. याला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कुणाच्याच कामाच्या यादीत नाहीत; ती घातली जावीत.